चाकांची टेबले आणि मालकीचा खुंटा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू शहरात व्हॉल्व्ह नावाची व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी आहे. तिच्या कचेरीतील टेबलांना चाके बसवलेली असतात. एका प्रकल्पातले काम संपले, किंवा दुसरीकडे आपला अधिक उपयोग आहे असे वाटले, की नोकरदाराने भिंतीतला प्लग काढायचा, टेबल ढकलत न्यायचे आणि नव्या गटात जाऊन बसायचे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, कारण परवानगी देणारा साहेबच तेथे नाही, असे कंपनी सांगते. नव्या नोकरदारांसाठी लिहिलेली तिची पुस्तिका २०१२ साली बाहेर फुटली आणि जगभर वाचली गेली. तुमचे साहेब नसलेल्या माणसांत संस्थापकाचा नंबर पहिला, असा विनोदही त्या पुस्तिकेत आहे.

व्यवस्थापनशास्त्राच्या अध्यापकांनी या पुस्तिकेचे गोडवे गावेत, यात नवल नाही; तो त्यांचा व्यवसायच आहे. नवल याचे वाटते, की स्वतःला डावे म्हणवणाऱ्या मंडळींनाही या चाकांच्या आवाजात उद्याच्या समाजाची चाहूल लागली. मुकादम गेला, हजेरीपट गेला, हुकूम गेला. मग शोषण उरले कोठे, असा त्यांचा सवाल. हा सवाल भाबडा आहेच, शिवाय कामगार चळवळीच्या दृष्टीने घातकही आहे. साहेब दिसत नाही म्हणून मालक नाही, असे होत नाही. दावे कितीही लांब सोडले तरी जनावर खुंट्याभोवतीच फिरते; आणि हा खुंटा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या पुस्तिकेत शोधूनही सापडत नाही.

कंपूचा जन्म

प्रथम जे श्रेय द्यायचे ते देऊन टाकले पाहिजे. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन या दोघांनी १९९६ साली व्हॉल्व्ह स्थापन केली. 'हाफ-लाइफ' हा त्यांचा पहिला खेळ १९९७ मध्ये यायचा होता. परंतु झालेले काम सुमार आहे हे ध्यानात आल्यावर त्यांनी त्यातले बरेचसे मोडून टाकण्याचे धैर्य दाखवले. सर्वगुणसंपन्न असा एखादा रचनाकार बाहेरून आणावा म्हणून शोध झाला. तसा माणूस मिळाला नाही, कारण तसा माणूस अस्तित्वातच नसतो. तेव्हा प्रोग्रामर, रचनाकार, चित्रकार आणि लेखक अशा मोजक्या जणांचा एक गट बसवण्यात आला. आठवड्याचे चार दिवस, दिवसाचे सहा तास, असे सलग पाच महिने हा गट एकत्र बसला. त्यातून दोनशेहून अधिक पानांचा आराखडा तयार झाला, आणि १९९८च्या नोव्हेंबरात आलेल्या त्या खेळाला अपूर्व यश मिळाले. या गटाला त्यांनी थट्टेने 'कॅबल' म्हटले. कॅबल म्हणजे खलबते करणारा कंपू. पुढे कंपनीतील प्रत्येक प्रकल्पगटाला हेच नाव पडले.

या घटनेचा धडा समाजवाद्यांच्याच बाजूचा आहे. जे एका प्रतिभावंताला जमत नाही ते एकत्र आलेल्या माणसांना जमते. सहकार्यातून निर्माण होणारी शक्ती ही व्यक्तींच्या शक्तींची नुसती बेरीज नसते. हे मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात सहकार्यावरील प्रकरणात दाखवून दिले आहे. परंतु त्याच प्रकरणात त्याने पुढची गोष्टही सांगितली आहे. भांडवलदार पैसे मोजतो ते एकेका कामगाराच्या श्रमशक्तीचे. त्यांच्या एकत्र येण्यातून उपजणारी जादा शक्ती मात्र त्याला फुकट मिळते. व्हॉल्व्हचे कौतुक करणाऱ्यांनी या प्रकरणाचा पूर्वार्ध वाचला आणि उत्तरार्धाशी पुस्तक मिटले.

दोन अर्थशास्त्रज्ञ

उद्योगसंस्था मुळात का असते, हा अर्थशास्त्रातला जुना प्रश्न आहे. बाजार इतका कार्यक्षम असेल तर सर्व व्यवहार बाजारातच का होत नाहीत? कंपनीच्या दाराआत किमतीऐवजी हुकूम का चालतो? रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली याचे उत्तर दिले. प्रत्येक लहानसहान कामासाठी बाजारात जाऊन करार करणे खर्चाचे असते; तो खर्च वाचवण्यासाठी कंपनी असते. म्हणजे बाजाराच्या समुद्रात कंपनी हे हुकुमाचे बेट. मार्क्सने हीच गोष्ट अधिक कठोर शब्दांत मांडली होती: बाहेर बाजाराची अराजकता आणि आत कारखान्याची हुकूमशाही.

२०१२ साली व्हॉल्व्हने एक अर्थशास्त्रज्ञ नोकरीवर ठेवला. त्यांचे नाव यानिस वारुफाकिस. हेच पुढे २०१५ साली ग्रीसचे अर्थमंत्री झाले आणि युरोपीय सावकारांशी त्यांनी दिलेली झुंज सर्वज्ञात आहे. खेळांतील आभासी वस्तूंच्या बाजाराचा अभ्यास करण्यासाठी ते आले होते. परंतु कंपनीच्या अंतर्गत रचनेने ते भारावून गेले. येथे बेटावर किंमतही नाही आणि हुकूमही नाही, कामगार आपला वेळ स्वतःच वाटून देतात आणि त्यातून आपोआप व्यवस्था उभी राहते, असे त्यांनी त्या वर्षी लिहिले. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. एका अर्थी व्हॉल्व्ह सहकारी संस्थेपेक्षाही पुढे गेलेली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कारण सहकारी संस्थेत मालकी सर्वांची असली तरी कामाची उतरंड कायमच असते.

वारुफाकिस यांच्यासारख्या विद्वानाने केलेले हे विधान तपासल्याशिवाय सोडता येत नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. कंपनी मूठभरांच्या मालकीची आहे आणि तिला फार तर प्रबुद्ध अल्पजनसत्ता म्हणता येईल, हे त्यांनीच नमूद केले. मालकांनी उद्या कंपनी विकायची ठरवली तर या व्यवस्थेचे काय होईल, हा नेमका प्रश्नही त्यांनीच विचारला. परंतु प्रश्न विचारून ते पुढे निघून गेले, आणि तेथेच थांबायला हवे होते. जे स्वातंत्र्य मालकाच्या एका सहीने रद्द होऊ शकते, त्याला अर्थशास्त्रात आणि राज्यशास्त्रातही हक्क म्हणत नाहीत. त्याला मेहेरबानी म्हणतात. चांगल्या राजाच्या राज्यात प्रजा सुखी असते, हे कोणी नाकारलेले नाही. लोकशाहीची मागणी राजा वाईट असतो म्हणून झाली नाही. राजाला काढता येत नाही म्हणून झाली. सहकारी संस्थेतील सभासद आपल्या संचालकाला मतदानाने काढू शकतो. चाकांच्या टेबलाशी बसलेला अभियंता आपले टेबल हलवू शकतो, मालकाचा भागभांडवलातील हिस्सा तसूभरही हलवू शकत नाही. मग दोहोंत पुढे गेलेले कोण?

अदृश्य साहेब

मालकीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. साहेब नाही हे तरी खरे आहे काय? पुस्तिकाच सांगते, की दरवर्षी प्रत्येक गटातील माणसे एकमेकांची क्रमवारी लावतात. स्वतःला सोडून बाकीच्यांना वरखाली मांडायचे असते. तांत्रिक कौशल्य, कामाचा उरक, गटाला झालेली मदत आणि खेळाच्या गुणवत्तेत पडलेली भर, अशा चार कसोट्या आहेत. या क्रमवारीवर पगार ठरतो. म्हणजे मुकादम नाहीसा झाला नाही. त्याचे काम शेजाऱ्याकडे सोपवले गेले. पूर्वी मुकादमाची पाठ फिरली की चार माणसे एकमेकांशी मोकळेपणाने बोलू शकत होती. आता ज्याच्याशी बोलायचे तोच परीक्षक. ज्या मायक्रोसॉफ्टमधून हे संस्थापक बाहेर पडले, तिने आपल्याकडची सक्तीची क्रमवारी २०१३ साली बंद केली. कारण तिच्यामुळे माणसे सहकार्याऐवजी एकमेकांच्या पायात पाय घालतात, हा बोभाटा फार झाला होता. दोन पद्धती तंतोतंत सारख्या नव्हत्या हे मान्य केले, तरी पगाराच्या वाट्यासाठी सहकाऱ्यांना एकमेकांचे न्यायाधीश करण्याचा स्वभाव दोहोंत सारखाच.

२०१३च्या फेब्रुवारीत व्हॉल्व्हने सुमारे पंचवीस जणांना कामावरून कमी केले. ज्या कंपनीत कोणीच कोणाचा साहेब नाही, तेथे हे पंचवीस जण कोणी निवडले? त्यांत यंत्रसामग्रीच्या विभागात काम करणाऱ्या जेरी एल्सवर्थ होत्या. आपण विकसित केलेले तंत्र बरोबर नेण्याची मुभा त्यांना देण्यात आली, हे न्यूवेल यांच्या उदारपणाचे लक्षण म्हणून सांगितले पाहिजे. परंतु बाईंनी नंतर जाहीर मुलाखतीत जे सांगितले ते अधिक मोलाचे आहे. वरून सपाट दिसणाऱ्या त्या रचनेखाली सत्तावान मंडळींचा एक छुपा थर आहे. शाळेत जशी काही मुले सर्वांची लाडकी असतात आणि त्यांचेच चालते, तसे तेथे चालते. आपल्या कामाला माणसे घेणेही दुरापास्त होते, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता.

हे एकट्या बाईंचे गाऱ्हाणे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळीतील जो फ्रीमन यांनी १९७०च्या दशकाच्या प्रारंभीच, आपल्याच चळवळीतील 'रचना नको' या हट्टाची चिकित्सा करताना दाखवून दिले होते, की रचनाहीन गट असा नसतोच. नियम लिहिलेले नसले तर ते ठाऊक असलेल्यांचे राज्य चालते, आणि ज्याचे पद जाहीर नाही त्याला जबाबदार धरता येत नाही. नाव असलेल्या साहेबाविरुद्ध तक्रार करता येते, मोर्चा नेता येतो, त्याच्याशी करार करता येतो. नाव नसलेल्या साहेबाशी काय करणार?

कामाच्या बाजूनेही या पद्धतीची मर्यादा कंपनीनेच कबूल केली आहे. नव्या माणसाला वाट दाखवणे, अनुभवी माणसांनी इतरांना घडवणे, कंपनीतली माहिती सर्वांपर्यंत पोचवणे आणि काही महिन्यांपलीकडचा अंदाज बांधणे आपल्याला जमत नाही, असे पुस्तिकेच्या शेवटी लिहिलेले आहे. 'हाफ-लाइफ' मालिकेत २००७ नंतर पुढचा खेळ आला तो थेट २०२० मध्ये. मधल्या काळात अनेक प्रकल्प सुरू झाले आणि अर्ध्यावर सोडले गेले. प्रत्येकाने आपल्याला वाटेल ते करावे ही समजूत चुकीची ठरली, असे तेथील जुन्या मंडळींनी नंतर मान्य केले. थोडक्यात, नियोजनाशिवाय सामूहिक श्रमही वाया जातो. हा निष्कर्ष समाजवाद्यांना नवा नाही.

खंड आणि अडत

मग एक प्रश्न उरतो. तेरा वर्षे आपल्या गाजलेल्या मालिकेतला खेळ न काढणारी कंपनी बुडाली कशी नाही? येथेच या साऱ्या स्वातंत्र्याचे अर्थशास्त्र दडलेले आहे. २००३ साली व्हॉल्व्हने 'स्टीम' नावाची विक्रीव्यवस्था सुरू केली. संगणकावरील खेळांची ही आज जगातील सर्वांत मोठी पेठ आहे. दुसऱ्यांनी बनवलेले खेळ येथे विकले जातात आणि विक्रीतील ३० टक्के व्हॉल्व्ह कापून घेते. २०१८ पासून एक कोटी डॉलरच्या पुढील विक्रीवर २५ टक्के आणि पाच कोटींच्या पुढे २० टक्के असा दर झाला. म्हणजे बड्या विक्रेत्याला सवलत, आणि दोन-चार माणसांनी घरी बसून बनवलेल्या खेळाला मात्र पुरी अडत! बाजार समितीच्या आवारात ज्याने आयुष्यात एकदा तरी कांद्याची पट्टी पाहिली आहे, त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

अमेरिकेतील न्यायालयात मक्तेदारीविरोधी खटला चालू असताना २०२४ साली उघड झालेल्या कागदपत्रांनुसार, २०२१ मध्ये व्हॉल्व्हमध्ये अवघी ३३६ माणसे कामाला होती. त्यांतील ऐंशीहूनही कमी स्टीमच्या कामावर. लाखो निर्मात्यांच्या आणि कोट्यवधी ग्राहकांच्या मधल्या वेशीवर ही ३३६ माणसे बसलेली आहेत. तेथे वसूल होतो तो नफा कमी आणि खंड अधिक. त्या खंडावर चाकांची टेबले फिरतात, आणि फसलेल्या प्रकल्पांची किंमत कोणाला जाणवत नाही. जमीनदाराच्या वाड्यावरही कारभारी-कारकुनांशी आदबीने बोलण्याची रीत असे. परंतु म्हणून कुळांची स्थिती सुधारत नसे.

कंपनीची गाजलेली नावे पाहिली तरी हेच दिसते. 'काउंटर-स्ट्राइक' हा खेळ १९९९ साली दोन हौशी तरुणांनी 'हाफ-लाइफ'वर बेतून तयार केला होता. 'पोर्टल'चे बीज विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पात होते. 'डोटा'ही मुळात खेळाडूंनी दुसऱ्याच कंपनीच्या खेळातून घडवलेला. त्या कर्त्यांपैकी अनेकांना व्हॉल्व्हने नोकरीत घेतले, हे खरे. पण कंपनीच्या भिंतीबाहेर, वेतनाविना, हौसेपोटी झालेल्या सामाजिक श्रमाचे फळ अखेर कोणाच्या खात्यावर जमा झाले, हेही तितकेच खरे. २०२५ साली न्यूवेल यांनी हॉलंडमधील ओशनको ही आलिशान नौका बांधणारी कंपनी विकत घेतली. त्या खरेदीसाठी कोणत्याही कंपूची बैठक भरण्याचे कारण नव्हते. वरकडाचा विनियोग कसा करायचा, या प्रश्नापाशी टेबलांची चाके थांबतात. वारुफाकिस यांनी २०२३ साली तंत्रज्ञानाधिष्ठित सरंजामशाहीवर पुस्तक लिहिले. पेठेचे मालक नफ्याऐवजी खंड गोळा करतात, हा त्याचा मुख्य सिद्धान्त. तो सिद्धान्त त्यांना २०१२ सालीच, ज्या कचेरीत ते बसले होते तेथेच, सापडण्यासारखा होता.

बेलव्ह्यू आणि पुणे

याच व्यवसायातील दुसरी रचना अगदी उलट टोकाची आहे. गिलमो बंधूंनी १९८६ साली फ्रान्समध्ये स्थापन केलेल्या युबिसॉफ्टमध्ये २०२५ साली सुमारे सतरा हजार माणसे होती, आणि तिचे कारखाने अनेक खंडांत पसरलेले आहेत. त्यांपैकी एक २००८ पासून पुण्यात आणि दुसरा २०१८ पासून मुंबईत आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' मालिकेतील २००३च्या एका नामांकित खेळाची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबई येथील गट बनवणार, असे २०२० साली वाजतगाजत जाहीर झाले. पहिली झलक पाहून टीका झाली, तारखा पुढे गेल्या, आणि २०२२ साली ते काम येथून काढून मॉन्ट्रियलला देण्यात आले. २०२६च्या जानेवारीत कंपनीने तो खेळच रद्द केला. त्याच वेळी सर्व गटांची पाच 'सर्जनशील घरां'त नवी वाटणी जाहीर झाली. त्यांतील सर्वांत किफायतशीर खेळ ज्या घराकडे गेले, त्यात टेन्सेंट या चिनी कंपनीचा २५ टक्के हिस्सा आहे. २०२५ साली त्याच्या दोन प्रमुखांपैकी एक म्हणून कंपनीप्रमुखाच्या मुलाची नेमणूक झाली होती.

पुण्यातील अभियंत्याला टेबल हलवण्याचे स्वातंत्र्य नव्हते; त्याचे कामच त्याच्या टेबलावरून उचलून दुसऱ्या खंडात नेण्यात आले. बेलव्ह्यूची रचना सपाट, युबिसॉफ्टची उतरंडीची. तेथे माणूस कामामागे फिरतो, येथे काम माणसापासून हिरावले जाते. परंतु काय बनवायचे, किती काळ बनवायचे आणि मिळालेल्या पैशाचे काय करायचे, या तीन प्रश्नांवर दोन्हीकडच्या कामगाराचा हक्क सारखाच आहे, म्हणजे शून्य. रचना बदलते, मालकी बदलत नाही. म्हणून रचनेच्या वादात मालकीचा प्रश्न बुडवू देता कामा नये.

भारतात तर या गोड भाषेला कायद्याची धार आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारा माणूस 'कामगार' या व्याख्येतच बसत नाही. 'येथे प्रत्येक जण स्वतःचा व्यवस्थापक' असे ज्या कचेरीच्या भिंतीवर लिहिलेले असते, तेथे ती नुसती स्तुती नसते. उद्या गाऱ्हाणे घेऊन उभे राहण्याची वेळ आली, तर तीच स्तुती मालकाच्या वकिलाच्या तोंडून ऐकावी लागेल.

पर्याय कोणता?

उतरंड हवी की नको, असा हा वाद नाही. मुकादमशाही कोणालाच नको आहे, आणि कामगारांनी आपले काम आपण आखावे ही समाजवादाचीच मूळ आकांक्षा आहे. परंतु ती आकांक्षा मालकीपासून तोडली की तिचे खेळणे होते. याच व्यवसायात फ्रान्समधील बोर्दो येथे मोशन ट्विन नावाची कामगारांची सहकारी संस्था आहे. तेथे मालकी सभासदांची, पगार सर्वांचा सारखा आणि निर्णयात प्रत्येकाला समान स्थान. २०१८ साली आलेला त्यांचा 'डेड सेल्स' हा खेळ जगभर गाजला. संस्था लहान आहे, आणि तिलाही आपला माल शेवटी स्टीमच्याच पेठेत विकावा लागतो. म्हणून एकट्या सहकाराने प्रश्न सुटत नाही; पेठेवरही सामाजिक नियंत्रण हवे. शिवाय सहकाराच्या नावाची पाटी लावून काय होऊ शकते, हे महाराष्ट्राने साखर कारखान्यांत पाहिलेलेच आहे. तेथे सभासद होता तो ऊस पिकवणारा. ऊस तोडणारा कायमच दाराबाहेर राहिला, आणि आतही मतपेटी असून सत्ता थोड्या घराण्यांत गेली. याचा अर्थ मतपेटी निरुपयोगी असा नव्हे. मतपेटीवर पहारा ठेवणारी जागृत संघटना लागते, असा आहे.

ती संघटना या व्यवसायातही उभी राहू लागली आहे. फ्रान्समध्ये २०१७ साली व्हिडिओ गेम कामगारांची संघटना स्थापन झाली आणि २०२४ साली तिने युबिसॉफ्टमध्ये संप घडवून आणला. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या झेनिमॅक्समधील खेळ तपासणाऱ्या कामगारांनी २०२३ साली संघटना केली आणि २०२५ साली कराराला मान्यता मिळवली. या कामगारांनी टेबलाला चाके मागितली नाहीत. त्यांनी लेखी करार मागितला. लिहिलेला करार मालकाच्या लहरीवर पुसला जात नाही, हे त्यांना पुस्तिका न वाचताच कळले होते.

पुण्यात, मुंबईत, बंगळुरात संगणकावर काम करणाऱ्या तरुणांमध्ये जाणाऱ्या कार्यकर्त्याला 'आमच्याकडे साहेब-नोकर असा भेदच नाही' हे उत्तर पदोपदी ऐकावे लागते. त्याने त्या तरुणाशी हुज्जत घालू नये. त्याच्या अनुभवाचा अपमानही करू नये. त्याने फक्त तीन प्रश्न विचारावेत. तुझा पगार कोण ठरवतो? तुला उद्या कमी करायचे ठरले तर ते कोण ठरवील, आणि त्या माणसाला तू मतदानाने दूर करू शकतोस काय? तुझ्या श्रमातून उरलेला पैसा कोठे जातो? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या दिवशी तो तरुण स्वतःच शोधू लागेल, त्या दिवशी टेबलाच्या चाकांवरून त्याची नजर खाली जमिनीकडे वळेल, आणि खुंटा कोठे ठोकलेला आहे तेही त्याला दिसेल.